कुत्र्याच्या अंगावर गोचीड सापडले, तो दोन दिवस जेवत नाही आणि नाकातून रक्त आले. वाट पाहावी का?

आपण लिहिले आहे की आपला तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर परवापासून जेवत नाही, एका जागी पडून असतो, त्याच्या कानांत आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड सापडले आणि काल सकाळी नाकातून रक्ताचे दोन-तीन थेंब पडले. माणसांची तापाची गोळी देऊन आणखी दोन दिवस वाट पाहावी का, असा आपला प्रश्न आहे. मी 22 वर्षे पुण्यात पशुवैद्यक म्हणून काम करत आहे आणि आपल्याला कळकळीने सांगतो की वाट पाहू नका, आणि ती गोळी तर मुळीच देऊ नका. त्याला आजच दवाखान्यात न्या.

आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते; पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृत आणि तांबड्या पेशी या दोन्हींवर घाला येतो. ज्या कुत्र्याच्या नाकातून आधीच रक्त येत आहे, त्याच्या पोटात व्रण होणे म्हणजे थेट जिवावरचे संकट.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून गोचीड तापाची दाट शंका येते. हे एकाच आजाराचे नाव नाही. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड 'एर्लिकिया कॅनिस' नावाचा जिवाणू रक्तात सोडतो. तो पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो आणि त्यात प्लेटलेट्स झपाट्याने घटतात. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. मी त्या वीस हजारांच्याही खाली गेलेल्या पाहिल्या आहेत, आणि अशा वेळी नाकातून रक्त येते किंवा पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. हाच गोचीड 'बबेसिया' नावाचा परजीवीही पसरवतो. तो तांबड्या पेशी फोडतो, म्हणून हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी गडद तपकिरी होऊ शकते. दोन्ही आजार एकाच कुत्र्यात असू शकतात, पण दोघांची औषधे वेगळी आहेत. म्हणूनच शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लागू पडलेले औषध आपल्या कुत्र्याला देऊ नये. रक्ताची संपूर्ण तपासणी आणि काचपट्टीवरची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी करून घ्यावी.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना मदत होईल. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. ताप हात लावून ठरवू नका, कारण कुत्र्याचे शरीर मुळातच आपल्यापेक्षा गरम असते. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप मोजावा लागतो. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे तापमान आहे.

एर्लिकियाचे निदान झाले तर बहुधा डॉक्सिसायक्लिन दिले जाईल. दर किलो वजनामागे दिवसाला 10 मिलिग्रॅम, सलग 28 दिवस, हे त्याचे प्रचलित प्रमाण आहे. आपल्या कुत्र्याची मात्रा त्याचे डॉक्टर ठरवतील. गोळी कोरडी भरवू नका, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. जेवणासोबत द्या आणि वर पाणी पाजा, मात्र दुधात किंवा दह्यात कालवू नका.

खरी फसगत यापुढे होते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा ताटली चाटूनपुसून खातो, शेपूट हलवत दारापर्यंत येतो, आणि घरच्यांना वाटते की झाले, आता कशाला औषधांचा मारा. माझ्याकडे आलेल्या एका जर्मन शेफर्डची औषधे सहाव्या दिवशी अशीच थांबवली गेली होती. चार महिन्यांनी तो हाडांचा सापळा होऊन परत आला, तेव्हा त्याच्या अस्थिमज्जेत नवे रक्त तयार होणे जवळजवळ थांबले होते आणि आम्ही त्याला वाचवू शकलो नाही. म्हणून माझा आग्रह आहे की गोळ्या ठरलेल्या दिवसापर्यंत द्याव्यात आणि त्यानंतर प्लेटलेट्स पुन्हा मोजून घ्याव्यात, कुत्रा कितीही ठणठणीत दिसत असला तरी.

अंगावरचे गोचीड रॉकेल लावून काढू नका. त्याने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. मोठ्या संख्येने असतील तर डॉक्टर गोळी देतील. त्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ते आधी सांगा, कारण काही गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात.

कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे आपल्या घरात आहेत. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. या जातीचा गोचीड वर चढतो, म्हणून केवळ फरशी पुसून भागत नाही. बॅटरी घेऊन दाराच्या चौकटी, पडद्यांच्या चुण्या, खिळ्यांची भोके आणि कुत्रा झोपतो तिथल्या भिंतीचा वरचा भाग तपासा, भेगा सिमेंटने बुजवा आणि त्याचे अंथरूण कडकडीत पाण्यात धुवा. उपाशी गोचीड महिनोन्‌महिने जगतो, त्यामुळे एकदा फवारणी करून थांबू नका. फवारलेली जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला दुसरीकडे ठेवा, आणि घरात मांजर असेल तर फवारणाऱ्या माणसाला आधीच सांगा, कारण यासाठी वापरले जाणारे परमेथ्रिन मांजरांना विषारी असते.