नोटिशीचा खर्च मागायला विसरू नका

दादा, द्राक्षांचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात दावा टाकायचाय, हे वाचलं. दाव्याआधी झालेला खर्च बुडालाच, असं धरून चालू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०-अ मध्ये स्पष्ट लिहिलंय: दाव्याआधी दिलेल्या नोटिशीचा खर्च कोर्ट मंजूर करू शकतं. नोटीस कायद्याने सक्तीची नसली, तरीही.

पण त्यासाठी कागद हवा. वकिलांना नोटिशीचे पैसे रोख दिले असतील, तर आजच सही-तारखेची पावती मागा. मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. मी असाच गप्प बसलो होतो, आणि निकालाच्या वेळी दाखवायला माझ्याकडे फक्त पोस्टाची पावती होती. फार वाईट वाटलं.

दाव्यातल्या विनंतीत मुद्दल आणि व्याजासोबत नोटिशीचा व दाव्याचा खर्चही लिहायला सांगा. त्याच संहितेच्या कलम ३५ प्रमाणे खर्च देणं न देणं कोर्टाच्या हातात असतं, पण जिंकणाऱ्याला तो नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. वकिलांची फी मात्र नियमांतल्या हिशोबाने धरतात, तुम्ही मोजलेली सगळी रक्कम बहुतेकदा मिळत नाही. निफाडहून नाशिकला मारलेल्या चकरांचं तर विसराच.

आणखी एक. नोटीस मिळताच व्यापारी तडजोडीला आला, तर कोर्टाचा हुकूम होणारच नाही. तेव्हा नोटिशीचा खर्च तडजोडीच्या कागदातच घाला, सही करण्याआधी.