फेरो बेटांवरची लीग पाहायला जाताना: व्हिसावरच्या एका ओळीविषयी

आपण लिहिले आहे की कोपनहेगनला भावाकडे जाणार आहात, तिथून सप्टेंबरमध्ये फेरो बेटांवर जाऊन तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगचा एखादा सामना पाहायचा आहे, आणि एजंटाने ‘शेंगेन आहे ना, मग तिथेही चालतो’ असे सांगून विषय मिटवला आहे. हेच वाक्य मलाही ऐकवण्यात आले होते. विमान आणि मुक्काम यांविषयी इतर सदस्यांनी पुरेसे लिहिले आहे, त्यामुळे त्यात मी शिरत नाही.

फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्याचा भाग असली, तरी ती युरोपीय संघातही नाहीत आणि शेंगेन क्षेत्रातही (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही) नाहीत. त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाच्या व्हिसावर, तो फेरो बेटांसाठीही वैध असल्याची स्वतंत्र नोंद लागते, आणि ती नोंद डेन्मार्कच्या अधिकाऱ्यांकडूनच मिळते. फ्रान्सने किंवा जर्मनीने दिलेला शेंगेन व्हिसा, मग तो कितीही मुदतीचा असो, तिथे उपयोगी पडत नाही. आपला अर्ज डेन्मार्ककडेच जाणार असल्यामुळे निम्मे काम आपोआप झाले आहे. उरलेले निम्मे म्हणजे अर्जात आणि सोबतच्या पत्रात ‘फेरो बेटांनाही भेट देणार आहे’ हे ठळकपणे लिहिणे.

माझ्या पत्रात ते लिहिलेले होते. ज्या कार्यालयाने माझे काम घेतले होते (नाव लिहीत नाही, कृपया खासगी निरोपातही विचारू नये), तिथल्या गृहस्थांनी सामन्यांचे छापील वेळापत्रक आणि पत्राचे दुसरे पान दोन्ही फाइलमधून काढून ठेवले. फुटबॉलचे कागद लावले की अधिकाऱ्यांना उगाच शंका येते, असे त्यांचे म्हणणे. व्हिसा आला तेव्हा त्यावर ती ओळ नव्हती. मी लगेच विचारले, तर व्हिसावर काय छापले जाते ते आमच्या हातात नसते, पण तुम्ही निर्धास्त जा, असे उत्तर मिळाले. आणि कोपनहेगनच्या विमानतळावर चेक-इनच्या खिडकीवरच मला अत्यंत सौजन्याने परत पाठवण्यात आले. तिकीट बुडाले, खोलीचे पैसे बुडाले. त्या कार्यालयाने सेवाशुल्काची पावती मात्र न चुकता ईमेलने पाठवली.

पैशांपेक्षा वेळ चुकल्याचे जास्त लागले, कारण ते वर्ष २०२३ होते. त्या जुलैत सुमारे पाच हजार वस्तीच्या क्लाक्सविक गावच्या के.आय. या संघाने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत बुडापेस्टला जाऊन फेरेन्त्स्वारोशला ३-० असे हरवले, आणि त्या पराभवानंतर हंगेरीच्या त्या क्लबने लगोलग प्रशिक्षक स्तानिस्लाव चेर्चेसोव यांना घरी बसवले. पुढे स्वीडनच्या हेकेनलाही पेनल्टींवर बाहेर काढून के.आय. अखेर कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेच्या गटात पोहोचला. फेरोच्या कोणत्याही क्लबने युरोपीय स्पर्धेची गटफेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. गटातले घरचे सामने राजधानी तोर्शव्हनच्या राष्ट्रीय मैदानावर झाले, पण लीगचे सामने हा संघ आपल्या गावातल्या द्युपुमीरा मैदानावरच खेळत होता. मला पाहायचे होते ते हेच: गुरुवारी फ्रान्सच्या लीलसारख्या संघाशी खेळणारी माणसे त्याच आठवड्यात शेजारच्या गावाविरुद्ध कशी खेळतात. नंतर डेन्मार्कचा योग्य नोंदीचा व्हिसा घेऊन मी तिथे जाऊन आलो, सामनेही पाहिले, पण तो शरद ऋतू पुन्हा येणार नव्हता.

आता वेळापत्रकाविषयी. लीगमध्ये दहा संघ असतात आणि प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी तीनदा खेळतो, म्हणजे एकूण २७ सामने. तीन ही विषम संख्या असल्यामुळे तिसरी लढत कोणाच्या मैदानावर हे पहिल्या दोन सामन्यांवरून ताडता येत नाही. प्रसिद्ध झालेले वेळापत्रकच पाहावे. हंगाम साधारण मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो, परंतु राष्ट्रीय संघाच्या सामन्यांसाठी लीग अधूनमधून थांबते, म्हणून त्या तारखा पाहूनच दिवस निवडावा. विमानतळ व्हागार बेटावर आहे आणि धुके वा वारा असला की विमाने रखडतात; पोहोचण्याचा आणि सामन्याचा दिवस एकच ठेवू नये.

कोणता सामना पाहावा, यावर माझे मत एकांगी आहे, ते तसेच धरावे. बहुतेक जण एच.बी. आणि बी ३६ या तोर्शव्हनच्या दोन संघांची लढत सुचवतात. एच.बी.ची विजेतेपदे सर्वाधिक आहेत आणि दोघांचे मैदान गुंदादालूर एकच आहे, त्यामुळे ती सोयीची आहे यात वाद नाही. तरीही १९४२ साली ही लीग सुरू झाली तेव्हा पहिले विजेतेपद क्लाक्सविकनेच मिळवले होते, आणि ही गावागावांची स्पर्धा आहे हे राजधानीबाहेर गेल्याशिवाय कळत नाही. समुद्राखालच्या बोगद्यांमुळे तोर्शव्हनहून क्लाक्सविकला मोटारीने जाऊन सामना पाहून त्याच रात्री परतता येते; बोगद्यांना टोल आहे, तो भाड्याच्या गाडीच्या बिलात नंतर दिसतो. दक्षिणेकडच्या सुदुरॉय बेटावर मात्र बोगदा नाही. तिथे त्वोरोयरीचा टी.बी. हा १८९२ सालचा, देशातला सर्वांत जुना क्लब आहे, आणि तो पहिल्या श्रेणीत असेल तर स्मिरिल बोटीचा सुमारे दोन तासांचा प्रवास जरूर करावा. फक्त परतीची बोट सामना संपण्याआधी सुटत नाही ना, हे तपासावे.

मी व्हिसा सल्लागार नाही आणि नियम बदलू शकतात, म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नये; डेन्मार्कच्या दूतावासाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे आणि ते अर्जाला जोडावे. एजंटाने एखादे पान काढायला सांगितले, तर ते का काढायचे हे त्याच्याकडून लिहून मागावे. पासपोर्ट परत मिळाला की व्हिसावरचा शेऱ्यांचा रकाना व्हिसा केंद्रातच उभे राहून वाचावा, आणि तिथे फेरो बेटांचा उल्लेख नसेल तर तोर्शव्हनचे तिकीट काढू नये.