टर्म विम्याचा हप्ता मेडिकलनंतर वाढवून सांगितला. हे कसं ठरतं आणि आता मी काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, उद्यमनगरात स्वतःचं छोटं वर्कशॉप, त्यावर बँकेचं कर्ज, घरी बायको आणि दोन मुलं. एक कोटीच्या टर्म पॉलिसीचा (ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम मिळते तो विमा) हप्ता एजंटने वर्षाला १३,८०० सांगितला होता. फॉर्मवर तंबाखूच्या रकान्यात तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, कारण सिगारेट ओढत नाही, नुसता चुना-तंबाखू. लघवीच्या तपासणीत ते निघालं आणि कंपनीचं पत्र आलं, की २२,४०० भरायची तयारी असेल तर पॉलिसी देऊ. एजंट आता म्हणतोय, हे सोडून द्या, आठवडाभर तंबाखू बंद ठेवा, दुसऱ्या कंपनीत फॉर्म टाकू.

मी कोल्हापुरातच एका विमा कंपनीच्या शाखेत तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा वर्षं नवीन प्रस्तावांच्या, म्हणजे विम्यासाठी आलेल्या अर्जांच्या टेबलावर. आता निवृत्त आहे, मला तुम्हाला काही विकायचं नाही. माझं उत्तर आधीच सांगते: २२,४०० ची पॉलिसी घ्या, आणि घेताना फॉर्मवरचं ते ‘नाही’ लेखी दुरुस्त करून घ्या.

हप्ता वाढला असं तुम्हाला वाटतंय. पण १३,८०० हा दर तुमचा कधी नव्हताच. आपल्याकडे सकाळी दूध घेऊन डेअरीवर गेलं की भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं, पण आपल्या दुधाला कुठला दर लागणार हे फॅट काढल्यावरच कळतं. एजंटने तुम्हाला दाखवला तो भिंतीवरचा दर, आणि तोही तंबाखू न खाणाऱ्या, निरोगी माणसाच्या ओळीतला. मेडिकल झालं म्हणजे तुमचं फॅट निघालं. कंपनीने दर वाढवला नाही, तुमच्या ओळीतला दर लावला.

आता हे दर येतात कुठून? आपल्या देशात विमा उतरवलेल्या लोकांच्या मृत्यूंचा एक तक्ता आहे, इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या विम्याचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ ते २०१४ च्या अनुभवावरून तयार केलेला. त्या तक्त्यात पस्तिशीच्या आसपास वर्षाला हजारातली साधारण एक ते सव्वा माणसं जातात, पन्नाशीला चाराच्या पुढे. एक कोटीला हजारी एक-सव्वा म्हणजे दहा-बारा हजार झाले, आणि पन्नाशीत तेच चाळीस हजारांच्या वर जातात. पण उतारवयात असा वाढता हप्ता कुणाला झेपायचा नाही. म्हणून पूर्ण मुदतीचा हिशेब काढून हप्ता एकसारखा ठेवतात: तरुणपणी थोडं जास्त घेतात, ते व्याजाने वाढतं आणि पुढच्या वर्षांची तूट भरून काढतं. त्यात खर्च आणि एजंटचं कमिशन धरलेलं असतं.

हा हिशेब करून बघितलात तर लक्षात येईल, की पंचवीसेक वर्षांच्या मुदतीला १३,८०० हे तक्त्याच्या मानाने फारच कमी आहे. ते परवडण्याचं एक मोठं कारण म्हणजे मोठ्या रकमेच्या टर्ममध्ये माणसं तपासून घेतलेली असतात. तक्त्यात सगळे आले, तंबाखूवालेही. त्यांना बाजूला काढलं तरच उरलेल्यांना स्वस्तात देता येतं. या बाजूला काढण्याच्या कामाला अंडररायटिंग म्हणतात, आणि ते नीट झालं नाही तर भुर्दंड पडतो तो खरं लिहिणाऱ्या माणसाला.

प्रस्ताव टेबलावर आला की आम्ही काय बघायचो ते सांगते, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की फक्त डॉक्टरचा रिपोर्ट बघतात. आधी वयाचा पुरावा. मग उत्पन्न: रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट. वर्षाला तीन लाख मिळवणाऱ्याने दोन कोटी मागितले तर का मागितले हे विचारावंच लागतं. मग एजंटचा गोपनीय अहवाल, म्हणजे हा माणूस तुम्हाला किती दिवसांपासून माहीत आहे, प्रकृती कशी दिसते, राहणीमान काय. मग घरचा इतिहास: वडील, आई, भाऊ कशाने गेले आणि कितव्या वर्षी. वडील ७८ व्या वर्षी हार्टने गेले तर आम्ही पुढे जायचो, ४९ व्या वर्षी गेले असतील तर थांबायचो. मग धंदा. भट्टीजवळ उभं राहून काम करणारा आणि त्याच फौंड्रीत ऑफिसात बसणारा यांच्यात फरक होतो. आणि शेवटी मेडिकल: उंची, वजन, छाती, पोट, रक्तदाब, रक्त-लघवी, ईसीजी.

या मेडिकलबद्दल एक आठवण सांगावीशी वाटते. तालमीतला एक पैलवान होता, उंची पाच फूट दहा इंच, वजन १०५ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं तर बीएमआय ३३ च्या पुढे, कागदावर सरळसरळ लठ्ठ. नवीन आलेल्या मुलाने जादा हप्त्याची शिफारस लिहून ठेवली होती. पण डॉक्टरने छातीचं आणि पोटाचं माप नीट घेतलं होतं. छाती पोटापेक्षा कितीतरी जास्त, साखर, चरबी, रक्तदाब सगळं नॉर्मल. डॉक्टरने शेरा मारला होता, ‘रोज व्यायाम, कुस्ती’. साहेबांनी नेहमीच्या दराने पास केलं. माणूस आकड्यांच्या मागे बघणारा असेल तर ही पद्धत न्यायाची आहे, असं माझं मत तेव्हापासून आहे. नेहमीच ती न्यायाची नव्हती. इंग्रजांच्या काळात भारतीय माणसाचा विमा उतरवायचा तर नुसता भारतीय म्हणून जादा हप्ता लागायचा, तब्येत कितीही ठणठणीत असो. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल सुरू झाली आणि तिने आपल्या लोकांना नेहमीच्या दराने विमा दिला. जात, वर्ण यावर दर लावणं हा अन्याय होता. तंबाखूवर लावणं तसं नाही, ती सोडता येते.

इतकं सगळं बघितल्यावर निर्णय पाचच प्रकारचे निघतात: नेहमीच्या दराने मंजूर, जादा हप्त्याने मंजूर, रक्कम किंवा मुदत कमी करून मंजूर, काही महिने थांबा, किंवा नामंजूर. तुम्हाला दुसरा मिळालाय. नामंजूर झालेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून सांगते, तुमचं पत्र चांगलं पत्र आहे.

आता एजंटच्या सल्ल्याकडे येते. माझा एक आत्येभाऊ होता, करवीर तालुक्यात शेती, जोडीला ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर. त्याने एका कंपनीत दहा लाखांची पॉलिसी घेतली. मला विचारलं नाही, ताईला कशाला त्रास म्हणून. त्याला साखरेची गोळी सुरू होती. वहिनीने एजंटला विचारलंही होतं, गोळीचं लिहायचं का? तो म्हणाला, कशाला, हप्ता वाढेल. चौदा महिन्यांनी, २०१७ साली, आत्येभाऊ हार्ट ॲटॅकने गेला. पहिल्या तीन वर्षांतला क्लेम आला की चौकशी होतेच. चौकशीवाला गावच्या डॉक्टरकडे गेला, तिथून दवाखान्यात गेला, आणि पॉलिसीच्या चार वर्षं आधीचा केसपेपर घेऊन आला. क्लेम नामंजूर. भरलेले हप्ते तेवढे परत मिळाले. मी फॉर्मची प्रत मागवून बघितली: एकाच हाताचं अक्षर, आणि ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एका रेघेत टिका. खाली भावाची सही. त्याच वर्षी माझ्या टेबलावरून गोळी घेणाऱ्या, साखर ताब्यात असलेल्या कितीतरी लोकांच्या पॉलिसी जादा हप्ता लावून पास होत होत्या. त्याचीही झाली असती. वर्षाला जेवढे पैसे वाचवले होते, तेवढ्यात ट्रॅक्टरचं एक टायर आलं नसतं.

‘फॉर्म एजंटने भरला’ हे कारण चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच सांगितलं: सही करणारा माणूस फॉर्ममधल्या उत्तरांना बांधील असतो. त्या प्रकरणात तर आजारही नव्हता, आधीची दुसरी पॉलिसी सांगितली नव्हती, एवढंच. तुमच्या जुन्या पॉलिसी असतील तर त्याही लिहा, अगदी लग्नाआधी वडिलांनी काढलेली असली तरी.

काही एजंट विमा कायद्याचं कलम ४५ सांगतात, की तीन वर्षं झाली की कंपनी काही करू शकत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कायदा तसाच आहे हे खरं. पण तीन वर्षं जगण्याची हमी असती तर विमा कशाला काढला असता? आणि ती तीन वर्षं पॉलिसी मिळाल्यापासूनच मोजतात असं नाही. हप्ता चुकला, सवलतीचे ३० दिवस गेले (महिन्याच्या हप्त्याला १५), पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर चालू केल्यापासून पुन्हा तीन वर्षं. धंदेवाल्याच्या बाबतीत हे किती वेळा घडतं ते तुम्हाला माहीतच आहे. एका पार्टीचं पेमेंट अडकलं की पहिला फटका हप्त्याला बसतो.

आठवडाभर तंबाखू बंद ठेवून तपासणी निघून जाईलही. फॉर्मवरचं ‘नाही’ मात्र तुमच्या सहीसकट तिथेच राहणार. आणि देव न करो, पण तोंडाचं काही दुखणं निघालं, तर दवाखान्यात केसपेपरवर डॉक्टर पहिल्या दोन ओळींतच लिहितात, ‘इतक्या वर्षांपासून तंबाखू’. ते तुम्ही स्वतःच खरं सांगितलेलं असतं, कारण तिथे उपचार हवा असतो. शिवाय नव्या कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न असतो, की आधी कुठे जादा हप्ता लावला होता का, नामंजूर झालं होतं का? म्हणजे एक खोटं टिकवायला दुसरं लिहावं लागणार.

हप्ता जड जात असेल तर रक्कम कमी करू नका, बाकीचं कमी करा. मुदतीनंतर हप्ते परत देणारा प्रकार घेतला असेल तर तो काढा, त्याला फार पैसे जातात. ७५ वर्षांपर्यंतचं कव्हर घेतलं असेल तर ६० पर्यंत आणा. तोवर मुलं हाताशी येतील, कर्जही फिटलेलं असेल. एक गोष्ट मात्र तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकला आहे. तुम्हाला दाखवलेल्या कोटेशनमध्ये तो धरलेला नाही ना ते विचारा.

तंबाखू खरंच सोडलीत तर आणखी एक रस्ता आहे. बऱ्याच कंपन्या बारा महिने पूर्ण बंद असेल तर तंबाखू न खाणाऱ्याचा दर लावतात. तेव्हा नव्याने अर्ज करा, आणि नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत ही बंद करू नका. नव्या पॉलिसीची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात, एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या कर्जामुळे एक सांगणं गरजेचं आहे, हे फार कमी एजंट सांगतात. विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४, याच्या कलम ६ खाली ही पॉलिसी बायको आणि मुलांच्या नावे घ्या. मग ती रक्कम त्यांच्यासाठी राखलेली धरली जाते आणि वर्कशॉपचं ज्यांचं देणं आहे ते तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. यासाठी वेगळा फॉर्म असतो आणि तो पॉलिसी निघायच्या आधीच द्यावा लागतो, नंतर नाही. म्हणजे तुमच्यासाठी नेमका हाच आठवडा आहे.

पैसे भरले म्हणजे विमा सुरू झाला असंही समजू नका. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की नुसता हप्ता घेऊन ठेवला म्हणजे प्रस्ताव स्वीकारला असं होत नाही. कंपनी मंजुरी देते तेव्हापासून जोखीम सुरू होते. तुमची मंजुरी तुमच्या होकारावर अडली आहे, तोवर तुमच्या घरच्यांना काहीही संरक्षण नाही.

तेव्हा एजंटमार्फत नको, थेट कंपनीच्या ईमेलवर आजच लिहा. प्रस्ताव क्रमांक घाला आणि पुढे असं: ‘माझ्या प्रस्तावात तंबाखूच्या प्रश्नाला चुकून ‘नाही’ असं उत्तर दिलं आहे. मी अमुक वर्षापासून रोज इतकी तंबाखू चुन्याबरोबर खातो. सिगारेट, दारू घेत नाही. कृपया हे उत्तर माझ्या प्रस्तावाचा भाग धरावं. आपला २२,४०० रुपयांचा सुधारित हप्ता मला मान्य आहे. पॉलिसी विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली द्यावी, त्याचा फॉर्म पाठवावा.’ दारूचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. पॉलिसी आली की तिच्या मागे प्रस्तावाची प्रत जोडलेली असते, ती बायकोला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचा. चूक दिसली तर लगेच कळवा, आणि पटलंच नाही तर परत करायला ३० दिवस असतात.