गणपतराव देशमुख सांगोल्यातून किती वेळा आमदार झाले आणि ते कधी हरले होते का?

शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून ११ वेळा निवडून आले आणि १९७२ व १९९५ अशा दोन निवडणुकांत पराभूत झाले. निवडणूक निकालांच्या नोंदी पाहिल्या तर विजयाची वर्षे अशी दिसतात: १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. यांतील १९९५चा पराभव विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण काँग्रेसचे शहाजीबापू पाटील तेव्हा अवघ्या १९२ मतांनी विजयी झाले होते. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत मंत्रिपद त्यांच्या वाट्याला दोनदाच आले, १९७८मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात आणि १९९९मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. उरलेला बहुतेक काळ त्यांनी विरोधी बाकांवरूनच दुष्काळी भागाच्या पाण्याचा प्रश्न लावून धरला, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण तिथेच आहे. मात्र त्यांचा विक्रम ‘देशातील सर्वाधिक’ असा सांगितला जातो, तो तपासून घ्यावा: एकाच मतदारसंघातून ११ विजय हा महाराष्ट्रातील उच्चांक असला, तरी केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले होते.