वाचकांचे प्रश्न : पुनर्विकासात सर्वांना सोबत कसे घ्यावे?

प्रश्न : कोल्हापुरातील शाहूपुरीतील आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे. सचिव म्हणून सर्वांना सोबत कसे घ्यावे?

उत्तर : आराखडा पक्का करण्यापूर्वी संबंधितांची यादी करून प्रत्येकापुढे त्याचा अधिकार किती आणि त्याला झळ किती, हे लिहावे. महापालिकेचा पाठपुरावा वास्तुविशारदांकडे सोपवावा. खरा वेळ द्यावा तो तळमजल्यावरील भाडेकरू गिरणीवाल्यांना. सभेत त्यांना मत नाही, परंतु 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर जोते किती उंच हवे, हे भिंतीवरील चिखलाच्या रेषेवर बोट ठेवून तेच सांगतील, आणि डावलले गेल्यास कामही तेच अडवतील. त्यांना निरोप धाडू नये, स्वतः जावे. कोणाला, कधी, कोण कळवणार हे लिहून ती यादी दरमहा तपासावी. बांधकामाच्या काळात विकासकाकडून मिळणारे पर्यायी घराचे भाडे थकले की आज गप्प असलेले सभासदही विरोधात जातात.