टचलाइनवरचे आई-बाबा : प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

लहान मुलांच्या फुटबॉलबद्दल प्रश्न मागवले होते. बूट कुठले घ्यावेत, सराव किती असावा, असं काही येईल असं वाटलं होतं. आलेली बहुतेक पत्रं निघाली टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेवरून, खेळ बघणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल. त्यातली काही निवडली आहेत. उत्तरं आमच्या प्रशिक्षक आणि रेफरी मंडळींनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सात-सातच्या सामन्यांत मिडफिल्डला खेळतो. मी शिव्या देत नाही, रेफरीशी भांडत नाही. फक्त ‘पास दे’, ‘मागे ये’, ‘मार मार’ असं सांगत असतो. तरीही सरांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी स्वतः कॉलेजपर्यंत फुटबॉल खेळलो आहे. माझ्या सांगण्यानं त्याचं काय बिघडणार? – एक बाबा, कोथरूड, पुणे

उत्तर : बिघडतं ते वेळेमुळे. चेंडू पायाशी आल्यापासून समोरचा अंगावर येईपर्यंत या वयाच्या मुलाच्या हातात जेमतेम एक-दोन सेकंद असतात. तुम्हाला मोकळा खेळाडू दिसतो, तुम्ही ‘पास दे’ म्हणता, तो ते ऐकतो, कुणाला द्यायचा ते शोधतो, मग पाय वळवतो. तोवर त्या मोकळ्या खेळाडूसमोर कुणीतरी येऊन उभं राहिलेलं असतं. पास अडतो. तुम्हाला वाटतं, सांगूनही ऐकलं नाही. खरं तर त्यानं ऐकलं, म्हणूनच चेंडू गेला.

शिवाय तुम्ही खेळाकडे बाजूनं, मोठ्या माणसाच्या उंचीवरून बघताय. तो चार-सव्वाचार फुटांवरून, गर्दीच्या आतून बघतोय. तुम्हाला सरळ दिसणारी वाट त्याच्यासमोर दोन पोटऱ्यांच्या आड असते.

सर्वांत जास्त घोळ होतो गोलकीकच्या वेळी, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलसमोरून किक मारून खेळ पुन्हा सुरू करताना. हल्ली बहुतेक प्रशिक्षक लहान गोलकीपरला चेंडू जवळच्या बचावपटूकडे द्यायला शिकवतात. ते शिकेपर्यंत दोन-चार गोल खावे लागतात, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. बाहेरून मात्र पालकांचा घोष सुरू असतो, ‘उडव, लांब उडव!’ पोर मधल्यामध्ये अडकतं. ना धड पास, ना धड लांब किक. चेंडू वीस पावलांवर प्रतिस्पर्ध्याच्या पायात जाऊन पडतो, तोही स्वतःच्या गोलसमोर. हा गोल प्रशिक्षकाच्या पद्धतीमुळे झाला असं घरी जाताना बोललं जातं.

तुमच्या आवाजाचा परिणाम होतोय की नाही, हे तपासणं सोपं आहे. पुढच्या सामन्यात एवढंच बघा : चेंडू गमावल्यावर त्याची नजर आधी कुठे जाते? चेंडूकडे गेली तर ठीक. तुमच्याकडे वळत असेल, तर चेंडू परत मिळवण्याचे सगळ्यात चांगले तीन-चार सेकंद तो तुमचा चेहरा वाचण्यात घालवतोय.

करायचं काय? चेंडू खेळात असताना सूचना बंद. चेंडू बाहेर गेला, गोल झाला, शिट्टी वाजली, की टाळ्या वाजवा, नाव घेऊन शाबासकी द्या. प्रतिस्पर्धी गोलकीपरनं चांगला चेंडू अडवला तर त्यालाही द्या, काही बिघडत नाही. मधल्या रेषेजवळ प्रशिक्षकाच्या आसपास उभं राहू नका. कोपऱ्याच्या झेंड्याच्या बाजूला सरका, पण गोलच्या मागे जाऊ नका. तिथून गोलकीपरच्या कानाशी बोलल्यासारखं होतं. नुसतं गप्प बसणं जमत नसेल, तर स्वतःला काम लावून घ्या. चेंडू येण्याआधी तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो, ते मोजा. त्याचा खेळ सुधारतोय का, हे गोलांच्या आकड्यापेक्षा यावरून लवकर कळतं. आकडा मात्र स्वतःजवळ ठेवा, घरी गेल्यावर परीक्षेच्या गुणांसारखा वाचून दाखवू नका. आणि खारे शेंगदाणे जवळ ठेवा. तोंड भरलेलं असलं की निम्म्या सूचना आपोआप गिळल्या जातात.

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये राहतो. मुलगी दहा वर्षांखालच्या संघात आहे. रेफरी म्हणून येतात ती शाळकरी मुलं. उघड ऑफसाइडसुद्धा देत नाहीत. आम्ही तीन-चार मराठी कुटुंबं आहोत. आपसात आणि मुलींशी मराठीतच बोलतो, त्यामुळे कुणाला त्रास व्हायचं कारण नाही. तरी संघाच्या मॅनेजरनं ईमेल पाठवून समज दिली. – एक आई, डॅलसजवळून

उत्तर : आधी ऑफसाइडचं बघू, कारण बहुधा रेफरीच बरोबर होता. ऑफसाइड म्हणजे पास मारला तेव्हा चेंडूच्या आणि समोरच्या संघातल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे, त्यांच्या गोलच्या बाजूला असणं. अमेरिकेत या वयाच्या सात-सातच्या सामन्यांत मैदानावर एक जादा रेषा असते, बिल्ड-आउट लाइन. ती पेनल्टी एरिया (गोलसमोरचा आखलेला चौकोन) आणि मधली रेषा यांच्या बरोबर मध्ये आखतात. ऑफसाइड त्या रेषेपासून पुढे धरतात, मधल्या रेषेपासून नाही. म्हणजे टीव्हीवर जिथे झेंडा वर गेला असता, तिथे इथे खेळ चालू राहतो. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की प्रतिस्पर्धी संघाला याच रेषेमागे जावं लागतं, आणि गोलकीपरला हातातून चेंडू सोडून किक मारता येत नाही. त्यामुळे ‘रेफरी त्यांना मागे का पाठवतोय’ हा संतापही विनाकारण असतो.

हेडिंगचंही तसंच. अमेरिकी फुटबॉल महासंघानं 2015 च्या अखेरीस ठरवलं की दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी चेंडू डोक्यानं मारायचा नाही. मुद्दाम मारला तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी किक. बाहेरून कुणी ‘हेड मार’ ओरडलं आणि मुलीनं आज्ञाधारकपणे मारलं, तर दंड तिच्या संघाला.

मोठ्यांच्या सामन्यांतही लागू असलेल्या आणि बाहेरून हमखास चुकणाऱ्या गोष्टी म्हणजे : थ्रो-इन, गोलकीक किंवा कॉर्नरवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतो. खेळाडू कुठे होता हे पास मारला त्या क्षणी बघायचं, चेंडू पोचला तेव्हा नाही. चेंडू हाताला लागला की दर वेळी हँडबॉल होत नाही. फाउल होऊनही शिट्टी वाजली नाही, तर रेफरीनं फायदा दिलेला, म्हणजे ज्याच्यावर फाउल झाला त्या संघाच्या भल्यासाठी खेळ चालू ठेवलेला असू शकतो. त्याचे पुढे केलेले हात बघा.

आता वयाचं. तिथे अगदी सुरुवातीच्या पातळीचा रेफरी तेराव्या वर्षापासून होता येतं. तुमच्यासमोर शिट्टी घेऊन उभा असलेला मुलगा आठवीतला असू शकतो. चाळिशीतली पाच-सहा माणसं एकदम हात उडवून काहीतरी म्हणाली, तर त्याला भाषा कळायची गरज नसते. सूर आणि हातवारे पुरतात. मार्च 2025 पासून महासंघानं रेफरीशी केलेल्या गैरवर्तनासाठी ठरावीक शिक्षांची देशभर एकच पट्टी लागू केली आहे, त्यामुळे मॅनेजर धास्तावलेले असतात.

मराठीत सूचना देण्यात आणखी एक अडचण आहे. प्रशिक्षकाला कळतच नाही की त्याच्या उलट काहीतरी सांगितलं गेलंय. मुलगी डावीकडून उजवीकडे का धावली, म्हणून तो तिलाच विचारतो, आणि ती बिचारी ‘बाबा म्हणाले’ असं सांगत नाही.

निर्णय खरोखर नियमाला धरून नव्हता असं वाटलं, तर चोवीस तास जाऊ द्या. मग प्रशिक्षक किंवा मॅनेजरमार्फत लिहून द्या : तारीख, मैदान, साधारण मिनिट, काय घडलं, कुठला नियम. विशेषणं गाळा. ‘पक्षपाती’ हा शब्द आला की पुढचं पत्र कुणी नीट वाचत नाही.

प्रश्न : आमच्या संघातल्या एका मुलाचे वडील इतर मुलांवर ओरडतात. परवा माझ्या मुलाला ‘ह्याला बाहेर काढा’ म्हणाले. तिथेच सुनवावंसं वाटलं. – एक आई, ठाणे

उत्तर : सामना चालू असताना समोर जाऊन बोलू नका. दोन मोठ्यांचं भांडण सुरू झालं की मुलं खेळ सोडून तिकडेच बघतात, आणि रेफरीच्या लेखी तुम्ही दोघंही सारखेच. शेजारी जाऊन, मैदानाकडे तोंड करून उभ्या राहा आणि काहीतरी साधं काम काढा. ‘भाऊ, पाण्याचा जार उचलायला जरा हात लावता का?’ जागा बदलली की आवाज बऱ्याचदा उतरतो. नाही उतरला तर हाफटाइमला प्रशिक्षकाला सांगा. पुढचं बोलणं त्यांनी करायचं.

रेफरी पालकांना कार्ड दाखवू शकत नाही. पिवळं-लाल कार्ड खेळाडूंना, राखीव खेळाडूंना आणि 2019 पासून प्रशिक्षकासारख्या संघाच्या अधिकाऱ्यांना. पण बाहेरच्या व्यत्ययामुळे खेळ थांबवण्याचा, तहकूब करण्याचा आणि शेवटी सामनाच बंद करण्याचा अधिकार त्याला आहे. सहसा याच क्रमानं तो जातो : आधी खेळ थांबवून प्रशिक्षकाला सांगतो, मग दोन्ही संघांना बाजूला बसवतो, तरीही फरक पडला नाही तर सामना संपवतो. हा क्रम प्रशिक्षकानं त्या वडिलांना शांतपणे सांगितला, तर तेवढंही पुरे होतं.

प्रश्न : कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांचा मामला. शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या सामन्याला जो माहोल असतो, तोच आता बारा वर्षांखालच्या स्पर्धेतही यायला लागलाय. आम्ही स्पर्धा भरवतोय. काय तयारी करावी? – आयोजक, कोल्हापूर

उत्तर : माहोल मारू नका, त्याला वेळ आणि जागा ठरवून द्या. हलगी, घोषणा, झेंडे हे सामन्याआधी, हाफटाइमला आणि शेवटी. शिट्टी ते शिट्टी नाही. मंडळाच्या जाणत्या कार्यकर्त्यानं हे सांगितलं तर पोरं ऐकतात, लाउडस्पीकरवरून पाहुण्यांनी सांगितलं तर हसतात.

जागेसाठी टचलाइनपासून तीन मीटर मागे फक्कीची दुसरी रेषा मारा, शक्य असेल तर दोरी बांधा. नुसती फक्की दुसऱ्या सामन्यापर्यंत पायाखाली पुसली जाते. दोन्ही संघ आणि प्रशिक्षक एका बाजूला, प्रेक्षक समोरच्या बाजूला. गोलमागे कुणीच नाही. दोन्ही संघांचे समर्थक मधल्या रेषेच्या दोन बाजूंना उभे करा. प्रत्येक संघाकडून एक पालक नेमून घ्या आणि त्याला रंगीत जॅकेट द्या. तो माणूस त्याच गोटातला हवा. परक्यानं हटकलं की वाद वाढतो, आपल्यातल्यानं ‘आबा, बास आता’ म्हटलं की भागतं.

नियमांचं पत्रक वाटून सही घेण्यावर फार भिस्त ठेवू नका. ऐन वेळी ते कुणाच्या खिशात नसतं. त्यापेक्षा किट वाटण्याच्या दिवशी पालकांची वीस मिनिटांची बैठक घ्या. किट घ्यायला सगळे येतातच. प्रत्येक मुलाला किमान किती वेळ खेळवणार, कुठे उभं राहायचं, तक्रार कुणाकडे आणि कधी करायची, जॅकेटवाला कोण, एवढंच सांगा. खेळायला मिळणाऱ्या वेळाचा नियम आधी स्पष्ट केला, तर निम्मी कुरकुर तिथेच मिटते, कारण बाहेरचा आवाज पुष्कळदा ‘माझ्या पोराला का बसवलं’ यातूनच सुरू झालेला असतो.

शांत सामन्याचा प्रयोगही करून बघा. ऑक्टोबर 1999 मध्ये अमेरिकेत उत्तर ओहायोतल्या मुलींच्या लीगनं एक रविवार असा घेतला होता. पालक आणि प्रशिक्षक, कुणीच ओरडायचं नाही. आमच्या मते हे स्पर्धेत एकदाच करावं, तेही साखळी फेरीत. मुलं एकमेकांना किती हाका मारतात, हे पालकांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येतं. रोज केलं तर मुलांनाच ओकंबोकं वाटतं.

प्रश्न : सामना हरल्यावर मुलगा स्कूटरवर मागे बसून एक शब्द बोलत नाही. काय विचारावं? – एक बाबा, नाशिक

उत्तर : खायला काय हवंय, ते.

प्रश्न : मुलीला डोक्याला लागलं तर आत धावत जायचं की नाही? – एक आई, विलेपार्ले

उत्तर : रेफरीनं बोलावल्याशिवाय नाही. तो खेळ थांबवून प्रशिक्षकाला आत बोलावतो. तुम्ही टचलाइनवर थांबा, म्हणजे लगेच सापडाल. पण बाहेर आणल्यावर निर्णय तुमच्याही हातात आहे. गोंधळल्यासारखं बोलणं, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, उजेड सहन न होणं, नुकतंच घडलेलं न आठवणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. ती ‘मी बरी आहे’ म्हणाली, संघाला तिची गरज असली, तरी नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, झापड किंवा झटका आला तर थेट दवाखान्यात. पुन्हा खेळायला डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि तेही आधी हलकं धावणं, मग चेंडूसोबत सराव, मग सामना, अशा पायऱ्यांनी.