बॉल आमच्याकडेच असतो, पण गोल होत नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी सिडकोत राहतो, नोकरी अंबडला, संध्याकाळी कॉलनीतल्या १४ वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. पोरं पासिंग छान करतात, बॉल बराच वेळ आमच्याकडेच असतो, पण गोल होत नाही. अर्धे बॉलमागे पळतात आणि फॉरवर्ड डिफेंडरला चिकटून उभा राहून ‘दे दे’ ओरडतो. गेल्या मॅचला सहा वेळा ऑफसाइड झालो, म्हणजे पास सुटण्याआधीच आमचा पोरगा डिफेंडरच्या पुढे गेलेला. ‘पसरून खेळा’ ओरडून माझा घसा बसला, आता काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘पसरून खेळा’ मीपण बरीच वर्षं ओरडलोय, पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला त्यातनं काही कळत नाही हो, कुठे पसरू, कधी, आणि तिथे जाऊन किती वेळ थांबू, हे त्याला कोण सांगणार?

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सहा ऑफसाइड. म्हणजे फॉरवर्डला डिफेंडरच्या मागची मोकळी जागा दिसतेय, फक्त तो लवकर निघतोय. ऑफसाइड बघतात ते साथीदार बॉल मारतो त्या क्षणाला, बॉल पोचतो तेव्हाचं नाही, आणि हे बऱ्याच पोरांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं! गोलकीपर धरून समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असेल तरी चालतं, हेही सांगा.

मागे गोल्फ क्लबच्या मैदानावर माझ्याकडे एक बारका पोरगा होता, पळायला एकदम चपळ, पण बॉल मिडफिल्डमध्ये असतानाच हा पुढे जाऊन हात वर करून उभा. त्याला मी एकच सांगितलं, पास देणाऱ्याचं डोकं खाली आहे तोवर चाल, त्याने बॉल थांबवून मान वर केली की सूट. त्या दिवशी तो रेषेला धरून आडवा आडवा चालत राहिला, डिफेंडरच्या खांद्यामागे, आणि मान वर झाल्याबरोबर जो सुटला, की डिफेंडर अजून बॉलकडेच बघत होता. शॉट पोस्टला लागून बाहेर गेला, पण पोरगा माझ्याकडे बघून हसत होता, कारण त्याला कळलं होतं.

खांद्यामागे का, तर डिफेंडरला बॉल आणि माणूस दोन्ही एका नजरेत ठेवता येऊ नयेत म्हणून. तुमचा फॉरवर्ड अगदी चिकटून उभा राहतो, त्यामुळे डिफेंडरला मान वळवायचीसुद्धा गरज पडत नाही. त्याला हुलकावणी शिकवा, आपल्या खो-खोतली पोरं देतात तशीच. दोन पावलं बॉलकडे यायचं, डिफेंडर मागोमाग आला की वळून त्याच्या पाठीमागे जायचं. तो आलाच नाही तर मग पायात बॉल घ्या आणि वळा, तेही छानच.

यावरून हंगेरीची टीम आठवते. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर त्यांनी इंग्लंडला ६-३ हरवलं, त्यात त्यांचा ९ नंबरचा, म्हणजे मधला फॉरवर्ड हिदेगकुटी पुढे उभाच राहायचा नाही, खाली यायचा. आता इंग्लंडच्या सेंटर हाफने, म्हणजे मधल्या डिफेंडरने, त्याच्यामागे जायचं की जागेवर थांबायचं? मागे गेला की मध्ये भगदाड, थांबला की हिदेगकुटी मोकळा, आणि त्याने त्या मॅचला तीन गोल मारले. पोरांना ही गोष्ट नक्की सांगा, आपण जागा सोडली की दुसऱ्याला ती मिळते हे गोष्टीतनं पटकन डोक्यात जातं.

बॉलमागच्या गर्दीसाठी ग्राउंडवर चुन्याने पाच उभे पट्टे आखा आणि नियम ठेवा, एका पट्ट्यात आपले तिघे दिसले की बॉल समोरच्यांना. दोन्ही कडेच्या पट्ट्यात कायम एकेक जण हवाच, कारण कडेला कुणी नसेल तर डिफेन्स आरामात मध्ये गोळा होऊन बसतो. पहिले दोन-तीन दिवस खेळाचा विचका होईल, होऊ द्या.

बॉल कडेने आत येताना एकाने जवळच्या पोस्टकडे, एकाने लांबच्या पोस्टकडे आणि तिसऱ्याने थोडं उशिरा पेनल्टी स्पॉटकडे पळत यायचं, गोलपासून ११ मीटर. तिसरा बहुतेक वेळा मोकळाच सापडतो, कारण सगळा डिफेन्स पहिल्या दोघांबरोबर गोलकडे ओढला गेलेला असतो.

आणि ‘दे दे’ बंद करा. रोज पंधरा मिनिटं मुक्याने खेळवा, बॉल फक्त पळून मागायचा. पास चुकला की फॉरवर्डला रागावण्याआधी पास देणाऱ्याला विचारा, ‘तुला तो कधी दिसला?’ ‘उशिरा दिसला’ म्हणाला तर दोघांना तिथेच उभं करून तोच पास परत खेळायला लावा, आधी चालत, मग पळत.